तो एक शब्द परत घ्यायला हवा

सप्रेम नमस्कार,

मी सातारा जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे वडील महार रेजिमेंटमध्ये लान्स नाईक होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. १९८८ साली श्रीलंकेत, जाफन्याकडे, सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात नवा पाय बसवून, बोर्ड आउट होऊन, म्हणजे जखमेमुळे सैन्यातून मोकळे होऊन, ते गावी आले. शेती केली, आम्हा दोघांना शिकवलं. श्रीलंकेबद्दल घरात कधी अक्षर काढलं नाही.

धाकटा भाऊ चेन्नईत नोकरीला आहे. तिरुचिरापल्लीच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलंय, मुलगी गुणी आहे. साखरपुडा आमच्या गावी झाला. जेवणं उरकल्यावर मंडळी ओसरीवर बसली होती. मुलीच्या मामांनी आबांना आदरानेच विचारलं, पायाला काय झालं? आबा म्हणाले, श्रीलंका. मामा जरा वेळ गप्प बसले. तरुणपणी ते रामेश्वरमजवळ मंडपमच्या निर्वासित छावणीत काम करायचे. मग म्हणाले, "तुमचं सैन्य तिथे जायलाच नको होतं. आमची माणसं मेली तुमच्या हातून. परत आलात तेव्हा आमचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत, ते बरोबर केलं." आबा म्हणाले, "अजून सहा महिने मिळाले असते तर सगळं संपवूनच आलो असतो. दिल्लीने हात बांधून पाठवलं होतं आम्हाला." यांचं त्यांना, त्यांचं यांना भाऊच सांगत होता. सांगता सांगता तो आबांना मराठीत म्हणाला, "आबा, मामा बरोबर बोलतायत. ती लढाई पहिल्या महिन्यातच थांबवायला हवी होती. तुमचा पाय फुकट गेला."

आबा उठले, परसात गेले, पाय काढून ठेवला आणि बाजेवर बसून राहिले. दीड महिना झाला, पाय लावत नाहीत, कुबडीवर फिरतात. विचारलं तर म्हणतात, सॉकेट (नव्या पायाची वरची खोबण) सैल झालंय, टोचतं. रात्री झोप नाही. लग्नाला येणार नाही म्हणतात. भाऊ म्हणतो, मी खोटं काय बोललो? चुलत भावाने घरच्या ग्रुपवर त्याला देशद्रोही लिहिलं. मी आबांना म्हटलं, तो लहान आहे, सोडून द्या. भावाला म्हटलं, माफी माग. दोघंही माझ्यावरच चिडले. खरं कोणाचं? लग्न दोन महिन्यांवर आलंय. मी काय करू?

— एक मुलगी

ताई,

"परसात गेले, पाय काढून ठेवला" इथपर्यंत वाचलं आणि मला पुढे वाचवेना. एक जुनी दुपार डोळ्यांसमोर आली. ती आधी सांगते, कारण तुमच्या ओसरीवर जे झालं ते मी एकदा पाहिलं आहे, आणि पाहून काहीही केलं नव्हतं.

१९८८ च्या पावसाळ्यात मी पुण्यात वानवडीला एका बँकेत काउंटरवर होते. सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र तिथेच. हातपाय गेलेले जवान तिथे येतात, नवा अवयव बसवून, त्यावर चालायला शिकून जातात. त्या वर्षी पोरं येतच होती. वीस-बावीस वर्षांची, दवाखान्याच्या कपड्यांतली, काखेत कुबड्या. त्यातला एक माझ्या खिडकीशी आला. घरी पैसे पाठवायचे होते. आमचं काउंटर उंच. फॉर्म लिहायला हात मोकळा हवा म्हणून त्याने दोन्ही कुबड्या काउंटरला टेकवल्या आणि एका पायावर उभा राहिला. एक कुबडी घसरून पडली. मागच्या माणसाने ती उचलून दिली आणि विचारलं, "कुठे झालं हे?" तो म्हणाला, "जाफना."

झालं. रांगेत दोन तट पडले. कुबडी उचलून देणारा म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात आपण नाक खुपसायचं काय कारण होतं? परत बोलवा सगळ्यांना." त्याच्या मागचा म्हणाला, "परत कशाला? आणखी पाठवा. एकदाच काय ते रगडून टाका." आवाज चढले. राजीव गांधी, प्रभाकरन, सगळे निघाले. तो पोरगा दोघांच्या मध्ये एका पायावर उभा होता आणि फॉर्मवर गावाचा पिनकोड आठवून लिहीत होता. माझ्या मागे तीन हात अंतरावर रिकामी खुर्ची होती. मी शिक्का मारला, पावती दिली. खुर्ची दिली नाही. वादात कोणाचं बरोबर याचाच मी विचार करत होते.

आता तुमचा प्रश्न, खरं कोणाचं. तो टाळणार नाही. मात्र त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण आपल्या शाळांत कारगिल शिकवतात, श्रीलंका शिकवत नाहीत, आणि तुम्ही स्वतः शिक्षिका आहात.

१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. माणसं होड्यांत बसून समुद्र ओलांडून तमिळनाडूत आली. मामांनी मंडपमला पाहिली ती ही माणसं. भारताने त्या काळात तमिळ बंडखोर गटांना आसरा दिला, शस्त्रं दिली, ती चालवायला शिकवलं. मग २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ भागाला प्रांतिक सत्ता मिळायची, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि आपल्या सैन्याने मध्ये उभं राहून दोन्ही बाजू आवरायच्या. म्हणून नाव शांतिसेना. ज्यांनी शस्त्रं ठेवायची त्यांतल्या सगळ्यांत बलवान गटाची, प्रभाकरनच्या एलटीटीईची, करारावर सही नव्हती. सिंहली बाजूलाही राग इतका, की दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता चालवला. जाफन्यात मात्र लोकांनी आपल्या जवानांच्या गळ्यात हार घातले.

हे हार सुकले नाहीत तोच ऑक्टोबरमध्ये सगळं उलटलं. पकडलेल्या एलटीटीईच्या लोकांनी सायनाइड घेतलं, करार मोडला, आणि आपल्या सैन्याचं एलटीटीईविरुद्ध ऑपरेशन पवन सुरू झालं. काल ज्या गल्लीत पाणी प्यायला दिलं, आज त्याच गल्लीत ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाआडून गोळी यायला लागली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी उतरवली. एलटीटीईने वायरलेस ऐकून आधीच मोर्चे लावले होते. त्या तुकडीतला एकच जवान जिवंत राहिला. आणि २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपलं सैन्य जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात शिरलं. डॉक्टर, नर्स, कर्मचारी, खाटेवरचे रुग्ण, साठ-सत्तर माणसं तिथे मारली गेली. आत एलटीटीईचे लोक होते, गोळीबार आतून झाला, असं आपल्याकडून सांगितलं गेलं. तिथून वाचलेल्यांचं सांगणं वेगळं आहे. मामांच्या "आमची माणसं मेली तुमच्या हातून" या वाक्यामागे हे आहे, आणि ते खरं आहे. तुमच्या सासरमाहेरच्या कोणीही त्यांना हे वाक्य मागे घ्यायला सांगू नये.

त्याच नोव्हेंबरची २५ तारीख. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, ८ महार, म्हणजे तुमच्या आबांचीच रेजिमेंट. शोधमोहिमेवरून रात्री परतताना त्यांच्या तुकडीवर छुपा हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावर त्यांनी समोरच्याचीच रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेतल्या सगळ्या मोहिमेत ते एकच. आबांना हे नाव विचारून पाहा. मला वाटतं, तुम्ही जे वाचून सांगाल त्याहून जास्त ते सांगतील.

आता भांडणाचा मुद्दा: थांबायचं की वाढवायचं. एका डिव्हिजनपासून सुरू झालेलं सैन्य वाढत वाढत ७०,००० च्या घरात गेलं. काही आठवड्यांचं काम म्हणून उतरलो आणि अडीच वर्षं अडकलो. तमिळनाडूतून आवाज यायला लागला की आमच्या नावाने आमचीच माणसं मारू नका. दिल्लीचं म्हणणं होतं, तमिळांचा प्रांत उभा राहीपर्यंत हात काढता येत नाही, आत्ता निघालो तर इतकं सांडलेलं रक्त कशासाठी? हे वाक्य नीट ऐका, ताई. गेलेल्या माणसांसाठी आणखी माणसं पाठवायची, असा त्याचा अर्थ होतो. जून १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच सांगितलं, जुलैअखेर निघा. दिल्लीने तारीख मानली नाही. मग प्रेमदासांच्या सरकारने आपल्याशी लढायला एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. ज्याच्या घरात शांतता राखायला गेलो तो यजमानच समोरच्याला दारूगोळा देत होता. डिसेंबरमध्ये वि. प्र. सिंगांचं सरकार आलं आणि २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. ११०० हून अधिक जवान परत आले नाहीत.

म्हणून माझं मत सांगते. तुमचा भाऊ आणि मामा म्हणतात ते मला पटतं. शांतता राखायला पाठवलेल्या पोरांना लढाईत ढकलताना आता काम बदललंय असं देशाला उघड विचारायला हवं होतं, आणि यजमानाने जा म्हटल्यावर एक दिवसही राहायला नको होतं. "परत बोलवा" म्हणणारे त्या वेळी सैन्याच्या विरोधात नव्हते. त्यांचं म्हणणं वर्षभर आधी ऐकलं असतं तर काही घरांत आज बाप असता. तुमच्या चुलत भावाला हे सांगा आणि ग्रुपवरचा तो शब्द त्याला काढायला लावा, आजच. सैन्य हुकमावर जातं. हुकूम देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचं काम मागे राहिलेल्यांचं आहे. ते करणाऱ्याला देशद्रोही म्हटलं, तर उद्या एखाद्या पोराला चुकीच्या ठिकाणी पाठवताना कोणी तोंड उघडणार नाही.

आबांचे सहा महिने मात्र मला पटत नाहीत. सहा महिन्यांनी आणखी सहा लागले असते. पण त्यांच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भाग खोटा नाही. हात खरोखर बांधलेले होते. सुरुवातीला जड शस्त्रं वापरायची नाहीत असा हुकूम होता, हातातले नकाशे जुने होते, आणि समोरचा कालपर्यंत आपणच शिकवलेला. आपण निघाल्यावर तीन महिन्यांत तिथे पुन्हा लढाई पेटली, ती थेट २००९ च्या मे महिन्यात संपली. २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली. बाजेवर बसलेला माणूस हे सगळं रेडिओवर ऐकत होता. त्याच्या मनात "पुरं करून यायला हवं होतं" असं आलं तर मी त्याला दोष कसा देऊ?

आणि मुख्यमंत्र्यांचं. शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या तेव्हा करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, तमिळांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत मी करणार नाही म्हणाले. त्यांचा राग दिल्लीवर होता आणि त्याला कारण होतं. पण त्या दिवशी बंदरावर दिल्ली उभी नव्हती. तिथे पाठीवर पिशवी घेतलेली पोरं उभी होती. इथे मामांशी माझं जमत नाही. हे तुम्ही त्यांना सांगायला हरकत नाही, नम्रपणे, मुलीच्या घरी जाल तेव्हा.

इथपर्यंत आले, पण ताई, तुमच्या घरातलं भांडण यातलं कुठलंच नाही, असं मला वाटतं.

मामा म्हणाले, जायला नको होतं. आबांनी उत्तर दिलं. मामा म्हणाले, मुख्यमंत्र्यांनी बरोबर केलं. त्यालाही उत्तर दिलं. परक्या माणसाने तोंडावर सांगितलं की तुमच्या हातून आमची माणसं मेली, तरी आबा ओसरीवरून हलले नाहीत. ते उठले ते "फुकट" या शब्दावर. म्हणजे लढाई चूक होती हे ऐकायची ताकद त्यांच्यात आहे. इतक्या वर्षांत हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं समजू नका. रात्री पाय काढून ठेवताना रोज आला असेल. पण तो त्यांचा विचार आहे. तो दुसऱ्याने, तेही पोटच्या पोराने, पाहुण्यांसमोर मोठ्याने उच्चारला.

आणि तो शब्द खरा तरी आहे का? लढाई कशासाठी होती याचा हिशेब दिल्लीने द्यायचा. त्या सकाळी त्या वाटेवर आबा कशासाठी चालत होते, ते वेगळं आहे. पुढे कोणी जखमी पडला असेल, कोणाला पाणी न्यायचं असेल, कदाचित नुसतीच त्यांची पाळी असेल. ते कोणाबरोबर होते, त्यांना कोणी उचललं, तो उचलणारा पुढे घरी पोचला की नाही, हे तुमच्या भावाला माहीत आहे का? तुम्हाला आहे का? तुमच्या पत्रात नाही. जे माहीतच नाही ते फुकट गेलं, असं म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

म्हणून भावाने मताची माफी मागू नये. तसं करायला लावाल तर तो खोटं बोलेल आणि आबांना ते कळेल. त्याने एक शब्द परत घ्यावा. समोर बसून, फोनवर नाही. "आबा, लढाईबद्दल माझं मत तेच आहे. पण मी तो शब्द वापरला तो चुकलो. तुमचं काय गेलं आणि कशात गेलं ते मला माहीत नव्हतं. मला सांगाल का?" एवढं म्हणावं आणि गप्प बसावं. आबा बोलले तर मध्ये तारखा दुरुस्त करू नयेत. "पण आबा" असं म्हणू नये. त्यांनी सहा महिन्यांचं पुन्हा काढलं तर काढू द्यावं. आणि ते काहीच बोलले नाहीत तरी तेवढंच बसावं.

एक गोष्ट भावाला वेगळी सांगा. आबांनी तिथे काय केलं, हे विचारू नये. तिथे कोणाबरोबर होतात, हे विचारावं. जाफन्याच्या त्या महिन्यांत आपल्या जवानांच्या हातून काय काय घडलं ते वर लिहिलंच आहे. प्रत्येकाच्या हातून घडलं असं मुळीच नाही. पण काहींनी पाहिलं, आणि पाहिलेलंही आयुष्यभर उरतं. आबा इतकी वर्षं गप्प का होते याचं कारण मी ओळखू शकत नाही, तुम्हीही ओळखायला जाऊ नका. झोप मात्र मनावर घ्या. दीड महिना झोप नाही ही थोडीथोडकी गोष्ट नाही. जवळच्या ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की श्रीलंकेतले जखमी आहेत आणि साखरपुड्याच्या दिवसापासून झोप गेलीय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आबा बोलणार नसतील तर आधी तुम्ही बोला.

तुमच्याबद्दलही बोलते, रागावू नका. "तो लहान आहे, सोडून द्या" हे तुम्ही चुकीचं बोललात. एकतीस-बत्तीस वर्षांचा, लग्नाला उभा राहिलेला माणूस लहान नसतो. आबा त्याच वयात एका पायावर नांगर धरत होते. तुम्ही भावाला लहान केलंत आणि आबांचं दुखणं सोडून देण्याइतकं हलकं केलंत, म्हणून दोघंही तुमच्यावर चिडले. आता निरोप पोचवायचं काम बंद करा. आबा म्हणाले "त्याला सांग", की म्हणा, "आबा, तो शनिवारी येतोय, तुम्हीच सांगा." शाळा, घर, लग्नाची खरेदी, इतकं तुमच्या डोक्यावर आहे. हे ओझं तुमचं नाही.

मामांचं काय? मला ते माणूस म्हणून आवडले. त्यांनी आदराने विचारलं, उत्तर ऐकून गप्प बसले, मग जे वाटलं ते तोंडावर बोलले. निर्वासितांच्या छावणीत काम केलेल्या माणसाने होडीतून उतरलेली बाई पाहिली असेल, मूल हरवलेला बाप पाहिला असेल. लग्नाच्या मांडवात साडेतीनशे माणसं जमतील, त्यांत जाफन्याबद्दल ऐकीव नसलेलं बोलू शकतील अशी बहुधा हीच दोन. एक इकडच्या किनाऱ्यावर होता, दुसरा तिकडे. त्यांना एकमेकांपासून लांब बसवायची तजवीज करू नका. पण पहिली भेट लग्नाच्या गर्दीतही नको. आबा आणि भावाचं जमलं, की भावी सुनेला मध्ये घाला. तिने मामांना फोन लावून द्यावा आणि आबांनी विचारावं, मंडपमला तुम्ही काय काम करायचात? दुसरं काही नको. भाषांतर या वेळी मुलीने करावं. भावाने नाही. गेल्या वेळी दोघांचं बोलणं पोचवता पोचवता त्याने मध्येच आपला निकाल दिला होता.

आबांना आणखी एक सांगता येईल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २०१९ साली ते झालं, श्रीलंकेत कामी आलेल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. मेजर परमेश्वरन यांचा अर्धपुतळाही तिथे आहे. आणि कोलंबोजवळ, ज्या देशाने निघून जा म्हटलं त्या देशानेच, आपल्या जवानांचं स्मारक बांधलं आहे, त्यावर बाराशेच्या आसपास नावं आहेत. आपल्या पंतप्रधानांनी २०१५ मध्ये तिथे फुलं वाहिली. आबांच्या तुकडीतले जे गेले त्यांची नावं या दगडांवर असणार. ती त्यांना वाचून दाखवायची की नाही, हे त्यांना विचारून ठरवा. काही जणांना नाव दिसलं की बरं वाटतं, काही जणांना सहन होत नाही.

आणि शेवटी सॉकेट. आबा म्हणतात टोचतं. तुम्हाला ते निमित्त वाटतं, तुमच्या पत्रातून तसं जाणवलं. मला वाटतं ते खरंही असेल. वय झालं की उरलेल्या पायाचं मांस कमी होतं, जुनं सॉकेट सैल पडतं, घासून जखम होते. तेव्हा लग्नाला चला म्हणून त्यांच्या मागे लागू नका. भावाला सांगा, तीन दिवसांची रजा काढून ये आणि आबांना पुण्याला घेऊन जा. वानवडीच्या त्याच केंद्रात, जिथे पहिला पाय बसवला होता. आधी फोन करून तारीख घ्या, कोणते कागद लागतात ते विचारा, डिस्चार्ज बुक आणि ईसीएचएस कार्ड तर लागेलच. तुम्ही बरोबर जाऊ नका. सासूबाईंचं, शाळेचं, काहीही कारण सांगा. माप घ्यायला, साचा वाळायला वेळ लागतो, बाकावर दोघांना बराच वेळ बसावं लागेल. पलीकडच्या बाकावर आजच्या काळातली पोरं असतील, काश्मीरमधून, छत्तीसगडमधून आलेली. भावाला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

तिरुचिरापल्लीला जायचं ठरलंच, तर तिकीट काढायच्या आधी आबांना विचारा, चेन्नईवरून जायचं की बंगळुरूवरून. जखमी जवानांना तेव्हा मद्रासला आणत. ते स्टेशन त्यांनी त्यानंतर पाहिलं आहे की नाही, मला माहीत नाही. खालचा बर्थ घ्या, दाराजवळचा नको. आणि जुना पाय परसात पडला असेल तर आजच आत आणून पुसून ठेवा. माप द्यायला तो बरोबर न्यावा लागतो.